पप्पा, बोल! लहान लेकरासोबतचे छोटे क्षण, आपला मोबाईल आणि आठवणींचं गणित

(आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना येणारे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जमेल तेवढे काढलेत. बाकी बोलणं आहे तसंच ठेवलंय. पूर्ण भाग ऐकायला साधारण वीस मिनिटं लागतात, वाचायला त्याहून कमी.)

मी आष्ट्यातून बोलतोय. बाहेर पाऊस लागलाय आणि आमच्या पडवीवर पत्रा आहे, त्यामुळे मागं तडतड ऐकू आली तर हेडफोन खराब झाला असं समजू नका.

नेहमी आपण इथं ॲप, बॅटरी, यूपीआय, एआय असल्या गोष्टी सोप्या करून बघतो. आज विषय जरा घरचा आहे. माझी लेक अडीच वर्षांची आहे, आणि तिच्यासोबतच्या छोट्या छोट्या क्षणांबद्दल बोलायचंय. ‘क्षण जपा’ असं सगळे म्हणतात. पण जपायचं म्हणजे नेमकं काय करायचं? मेंदूत काय होतं? फोटो काढला की जपलं जातं का? आणि मुळात तिला यातलं काही आठवणार आहे का? हे सगळं आज समजून घेऊ.

सुरुवात एका ऑडिओ फाईलपासून.

अकरा मिनिटं चाळीस सेकंद

जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या रविवारी, घरी लेकीचं बोरन्हाण केलं. मी आठवड्यातले तीन दिवस पुण्यात ऑफिसला असतो, बाकीचे दिवस घरून काम. त्या रविवारी मी होतो घरी. फोन फुल चार्ज, स्टोरेज रिकामं करून ठेवलेलं. सगळा कार्यक्रम शूट केला. अकरा मिनिटं चाळीस सेकंद, फोर-के मध्ये. भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकला, हार्ट आले, विषय संपला.

तो व्हिडिओ मी नंतर एकदाही पूर्ण बघितला नाही. तुमच्याही फोनमध्ये असे असतील.

जूनमध्ये एका भागाच्या सुरुवातीला लहान मुलाच्या हसण्याचा आवाज हवा होता. म्हटलं, बोरन्हाणातला घेऊ. व्हिडिओतला फक्त आवाज वेगळा काढला. रस्त्यावरून उसाची ट्रॉली कारंदवाडीच्या कारखान्याला चालली होती, ट्रॅक्टरवर गाणी लावलेली, तो आवाज सॉफ्टवेअरनं कमी केला. हेडफोन लावला आणि ऐकत बसलो. आता चित्र नाही, फक्त आवाज.

तिसऱ्या मिनिटाला लेकीचा आवाज येतो, “पप्पा, बोल.”

तेव्हा तिला ‘र’ म्हणता येत नव्हता. बोर म्हणजे ‘बोल’. ती डोक्यावरून पडलेलं एक बोर उचलून मला देत होती.

माझा आवाज, “हो हो, इकडे बघ.”

“पप्पा, बोल. घे.”

“बाळा, कॅमेऱ्याकडे बघ. हस बघू.”

मी मोजलं. तिनं सात वेळा हाक मारली. पाच वेळा मी ‘इकडे बघ’ म्हणालो आणि दोन वेळा ‘एक मिनिट’. मग माझ्या आईचा आवाज येतो, “आरं, पोरगी कवाधरनं हाक मारायलीय, घे की ते बोर.” त्यावर मी आईला म्हणतोय, “आई, मधी बोलू नको, रेकॉर्डिंग चालूय.” शेवटी माझी बहीण म्हणते, “दे गं मला.” आणि सगळे हसतात. जे हसणं मला एपिसोडसाठी पाहिजे होतं, ते हेच.

मंडळी, मी तिथंच होतो, तिच्यापासून तीन फुटांवर. आणि हे झालेलं मला अजिबात आठवत नव्हतं. ते हसणं मी एपिसोडला वापरलं नाही. पण ‘असं का झालं’ हे शोधायला लागलो, आणि जे सापडलं ते आज सांगतोय.

आधी बोरन्हाण म्हणजे काय, ते बघू

ज्यांच्याकडे ही पद्धत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मकर संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कुठल्याही सोयीच्या दिवशी लहान मुलाला पाटावर बसवतात. बाळाची पहिली संक्रांत असते तेव्हा तर करतातच, पुढं पाच वर्षांपर्यंतही बऱ्याच घरांत करतात. काळे कपडे घालतात, कारण थंडीचे दिवस आणि काळा रंग ऊब धरतो. अंगावर हलव्याचे दागिने. औक्षण झालं की डोक्यावरून ओंजळीनं बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, हलवा, रेवड्या सोडायच्या. आता त्यात चॉकलेटं पण असतात. गल्लीतली पोरं आजूबाजूला टपलेली असतात, खाली पडलं की लूट.

यादी नीट बघा. सगळं त्या दिवसांत रानात पिकणारं आहे. आमच्याकडं तर ऊस दारातच. मोठी माणसं सांगतात की बदलत्या ऋतूत मुलाला हंगामातली फळं माहीत व्हावीत, पोरांत मिसळून वेचून खावीत, यासाठी हे सुरू झालं. मला त्यातली एक साधी गोष्ट आवडते. या सणात देवाची मोठी पूजा नाही, भटजी नाही, मुहूर्ताची घाई नाही. उत्सवमूर्ती म्हणजे ते पोर, आणि काम एकच, त्याला हसताना बघायचं. ‘छोटा क्षण जपणं’ हे आपल्याकडं कॅलेंडरात लिहून ठेवलेलं आहे.

आणि हलवा कसा करतात बघितलंय? तिळाच्या किंवा खसखशीच्या दाण्यावर पाकाचा थेंब थेंब सोडत, मंद आचेवर हलवत राहायचं. घाई केली तर काटा येत नाही. माझी बायको एकदा करून बघितल्यावर म्हणाली, “पुढच्या वर्षी विकत आणू.” आम्ही विकतच आणला.

एक काळजीची गोष्ट. चार वर्षांखालच्या मुलांच्या घशात शेंगदाणे, हरभरे, बोराची बी, हलव्याचे दाणे अडकू शकतात. त्यामुळे लूट सुरू झाली की एका मोठ्या माणसाचे दोन्ही हात मोकळे आणि डोळे मुलावर पाहिजेत. मोबाईल खाली ठेवायचं हे पहिलं आणि सगळ्यात व्यवहारी कारण.

सर्व्हिस आली, परत मारा

लहान मुलांच्या मेंदूवर काम करणारं एक केंद्र हार्वर्ड विद्यापीठात आहे. त्यांनी एक शब्द लोकप्रिय केलाय, ‘सर्व्ह अँड रिटर्न’. बॅडमिंटन डोक्यात आणा. मूल सर्व्हिस करतं, म्हणजे बोट दाखवतं, आवाज काढतं, काहीतरी हातात देतं, नुसतं बघतं. आपण ती परत मारायची, म्हणजे बघायचं, नाव सांगायचं, घ्यायचं, हसायचं. मग ते पुन्हा मारतं. बस, एवढंच.

हे खेळण्यासारखं वाटतं, पण मेंदूची जडणघडण यावर होते. त्या केंद्राच्या म्हणण्यानुसार पहिल्या काही वर्षांत मेंदूत दर सेकंदाला दहा लाखांहून जास्त नव्या जोडण्या तयार होतात. वापरल्या जातात त्या पक्क्या होतात, न वापरलेल्या हळूहळू छाटल्या जातात. आपल्या भाषेत सांगायचं तर सिस्टीम लाईव्ह असतानाच वायरिंग चालू आहे, आणि कुठली वायर ठेवायची हे रिस्पॉन्स आला की नाही यावर ठरतं.

रिस्पॉन्स आलाच नाही तर? एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात एक प्रयोग केला, तो ‘स्टिल फेस’ म्हणून ओळखला जातो. आई आधी बाळाशी नेहमीसारखी खेळते. मग काही मिनिटं चेहरा एकदम कोरा ठेवते, हसणं नाही, बोलणं नाही. बाळ आधी हसून बघतं, हात पुढं करतं, आवाज काढतं. काहीच होत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं, अस्वस्थ होतं, रडतं.

माझ्या फाईलमधल्या सात हाका आठवा. मी मारहाण केली नाही, रागावलो नाही. मी फक्त स्क्रीनकडं बघत होतो. स्क्रीनकडं बघणारा चेहरा समोरच्याला कसा दिसतो हे एकदा आरशात बघा. कोरा दिसतो.

पण घाबरून जाऊ नका. याच ट्रॉनिकचं पुढचं म्हणणं दिलासा देणारं आहे. प्रेमळ आई आणि तिच्या बाळातसुद्धा ताळमेळ सारखा चुकत असतो. चुकतो, पुन्हा जुळतो, पुन्हा चुकतो. मुलाला यातूनच कळतं की तुटलेलं जोडता येतं. त्यामुळे एक सर्व्हिस सुटली म्हणून मॅच हरत नाही. प्रत्येक वेळी सुटायला लागली तर मात्र मूल सर्व्हिस करायचंच सोडतं.

‘इकडे बघ’ आणि ‘काय बघतेस?’

माझी दुसरी चूक जरा बारीक आहे. मी तिच्याशी बोलत होतो की! पाच वेळा ‘इकडे बघ’ म्हणालो. मग बिघडलं कुठं?

१९८६ साली मायकेल टोमासेलो आणि मायकेल फॅरर या संशोधकांनी लहान मुलं शब्द कशी शिकतात हे तपासलं. मूल ज्या वस्तूकडं आधीच बघतंय तिचं नाव सांगितलं तर ते शब्द लवकर शिकतं. त्याचं लक्ष तिथून ओढून दुसऱ्या वस्तूकडं नेलं आणि मग नाव सांगितलं, तर तितकं शिकत नाही. म्हणजे मुलाच्या लक्षाच्या मागं आपण जायचं. त्याला आपल्या मागं ओढायचं नाही.

हे महाराष्ट्राला नवीन नाही बरं का. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये पालघरकडच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढं ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात. मग त्यांनी बालवाडीच पाड्यावर नेली, मुलांच्या अंगणात, त्यांच्या ओळखीच्या पानाफुलांत आणि खड्यांत. आज गावोगावी जो ‘अंगणवाडी’ शब्द आहे, त्याच्या मागं हे अंगण आहे. मूल जिथं आहे तिथं आपण जायचं.

आता माझा प्रसंग बघा. लेकीचं सगळं लक्ष एका बोरावर होतं. ते लाल होतं, गोल होतं, तिनं स्वतः उचललं होतं आणि तिला ते मला द्यायचं होतं. दोन वर्षांच्या मुलासाठी हे केवढं मोठं काम आहे! आणि मी म्हणत होतो, ते सोड, माझ्या लेन्सकडं बघ.

फोटो काढला की आठवण राहते का?

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, पण व्हिडिओमुळंच तुला हे कळलं ना? बरोबर आहे. त्यामुळे ‘मोबाईल वाईट’ असं मी म्हणणार नाही. माझं पोट त्यावर चालतं. पण कॅमेरा आठवणीचं काय करतो हे बघण्यासारखं आहे.

लिंडा हेन्केल या अमेरिकन संशोधिकेनं विद्यार्थ्यांना संग्रहालयात नेलं. काही वस्तू नुसत्या बघायच्या, काहींचा फोटो काढायचा. दुसऱ्या दिवशी विचारलं तर फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवत होत्या. हा अभ्यास २०१४ मध्ये छापून आला. कारण सोपं आहे. ‘सेव्ह झालं’ असं वाटलं की मेंदू मेहनत घेत नाही. आपल्याला कुणाचा फोन नंबर पाठ नसतो, तसंच हे.

पण त्यात एक गंमत आहे. ज्यांनी वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला, त्यांची आठवण तितकी कमी झाली नाही. झूम करायचं म्हणजे आधी नीट बघावं लागतं, काय हवंय ते ठरवावं लागतं.

२०१७ मधला दुसरा अभ्यास तर थेट माझ्यावर केल्यासारखा आहे. लोकांनी आपल्या मनानं फोटो काढत एखादी गोष्ट अनुभवली, तर डोळ्यांना दिसलेलं त्यांना जास्त लक्षात राहिलं, पण कानांनी ऐकलेलं कमी. कॅमेरा हातात असला की लक्ष डोळ्यांकडं जातं आणि कानाचा वाटा कमी होतो.

मला लेकीचा काळा फ्रॉक आठवतो. हलव्याचा हार वाकडा झालेला आठवतो. ‘पप्पा, बोल’ आठवत नव्हतं.

पण तिला हे आठवणार आहे का?

इथं खरा धक्का आहे. उत्तर जवळजवळ ‘नाही’ असंच आहे.

तुमची सगळ्यात जुनी आठवण कुठली? बहुतेकांची तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची निघते. त्याआधीचं पुसलेलं. याला बालपणीची विस्मृती म्हणतात. लहान मुलाला काही आठवतच नाही असं मात्र नाही. दोन वर्षांचं पोर ‘परवा आज्जीनं लाडू दिला’ बरोब्बर सांगतं. ते आठवतं, आणि मग हरवतं.

कधी हरवतं? पॅट्रिशिया बाऊर आणि मरिना लारकिना यांनी अमेरिकेत तीन वर्षांच्या मुलांशी नुकत्याच घडलेल्या प्रसंगांबद्दल आईसोबत गप्पा रेकॉर्ड केल्या. पुढं वेगवेगळ्या वयात तेच प्रसंग विचारले. पाच ते सात वर्षांच्या मुलांना साठ टक्क्यांहून जास्त आठवत होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना चाळीस टक्क्यांहून कमी. म्हणजे दुसरी-तिसरीत जाईपर्यंत अंगणवाडीच्या आधीचं जग विरघळायला लागतं.

का? एक कारण मेंदूची वाढच आहे. आठवणी जिथं बांधल्या जातात त्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात लहानपणी नव्या पेशी भराभर तयार होतात. टोरांटोच्या संशोधकांनी २०१४ मध्ये उंदरांवर दाखवलं की या नव्या पेशी जुन्या जोडण्यांत घुसतात आणि जुन्या आठवणी सापडेनाशा होतात. इंजिनिअर म्हणून मला हे असं समजलं: डेटाबेस इतक्या वेगानं वाढतोय की इंडेक्स सारखा नव्यानं बनतोय. जुनी नोंद कदाचित कुठंतरी असेलही, पण शोधायची वाटच मोडलेली असते.

हे वाचल्यावर मी दोन दिवस गप्प होतो. मी पुण्याहून रात्रीच्या गाडीनं निघून पहाटे पेठ नाक्यावर उतरतो, कशासाठी? हिच्यासोबतच्या दोन-तीन दिवसांसाठी. आणि यातलं तिला एक वाक्यही आठवणार नाही?

मग एक गोष्ट लक्षात आली. प्रसंग विसरला तरी त्यातून बांधलेलं वायरिंग राहतं. हाक मारली की कुणीतरी बघतं, दिलं की कुणीतरी घेतं, हा विश्वास आठवणीसारखा सांगता येत नाही, तो वागण्यात उतरतो. आणि प्रसंगाची गोष्ट सांभाळायचं काम या वयात तिचं नाहीच, ते माझं आहे. या घरात त्या बोराची आठवण ठेवू शकणारी मोठी माणसं चार-पाच होतो, आणि त्यातला मी गैरहजर होतो.

माझं बोरन्हाण, जे मला ‘आठवतं’

माझ्या बोरन्हाणाचा फोटो नाही. नव्वदच्या दशकाची अखेर, कॅमेऱ्यात छत्तीस फोटोंचा रोल, तो लग्नकार्याला लागायचा. तरी मला ते बोरन्हाण लख्ख आठवतं. मी पाटावरून उठून शेजारच्या काकूंच्या तोंडात उसाचा करवा कोंबला आणि त्या ‘आरं दात न्हाईत मला’ म्हणून ओरडल्या.

तेव्हा मी दीड वर्षाचा होतो, म्हणजे मला आठवणं शक्यच नाही. ती आठवण आईची आहे. दर संक्रांतीला तीळ भाजताना तिनं ती सांगितली, काकूंच्या आवाजात सांगितली, आणि ती माझी झाली.

यावरही अभ्यास झालेत. रॉबिन फिवुश आणि एलेन रीस यांनी वर्षानुवर्षं आई-बाप मुलांशी घडून गेलेल्या गोष्टींबद्दल कसं बोलतात ते तपासलं. काही पालक परीक्षा घेतात: “कुठं गेलो होतो? सांग. कुठं? सांग ना.” काही पालक गोष्ट फुलवतात: “आपण मळ्यात गेलो, आणि तिथं काय दिसलं गं? हां, म्हैस! मग म्हशीनं काय केलं?” मुलानं एक शब्द दिला की ते त्यात दोन जोडतात. अशा गप्पा ज्या घरांत होतात, तिथली मुलं आपल्या आठवणी जास्त तपशिलानं सांगतात. न्यूझीलंडमधल्या माओरी समाजात घरच्या जुन्या गोष्टी सांगायची मोठी परंपरा आहे. तिथं मोठ्या माणसांना विचारलं तर त्यांची पहिली आठवण इतरांपेक्षा लवकरची, साधारण पावणेतीन वर्षांची निघाली.

म्हणजे आठवणीचा बॅकअप क्लाऊडवर होत नाही. तो परत परत सांगण्यानं होतो.

मग मी काय बदललं?

हे नियम वगैरे नाहीत, माझ्या घरात चाललेलं आहे ते सांगतो.

एक फोटो, मग खिसा. आधी दोन मिनिटं नुसतं बघतो. त्यातलं काय ठेवायचंय ते ठरवतो. तिचा हात, सांडलेला भात, चिखलातलं पाऊल. एकच फोटो काढतो आणि फोन खिशात. शूटिंग पाहिजेच असेल तर फोन कपाटावर टेकवून चालू करतो आणि स्वतः समोर जाऊन बसतो. फ्रेम वाकडी येते. चालतंय की.

खाली बसायचं. तिच्या उंचीवर डोळे आणले की ती काय बघतेय ते कळतं. उभ्यानं आपल्याला अंगण दिसतं. बसल्यावर मुंग्यांची रांग दिसते.

तिचे शब्द लिहून ठेवायचे. फोनच्या नोट्समध्ये एक यादी आहे. ‘तात्तल’ म्हणजे ट्रॅक्टर. ‘पापू’ म्हणजे पाऊस. ‘बोल’ म्हणजे बोर. एप्रिलमध्ये कधीतरी तिला ‘र’ यायला लागला. नेमका कुठल्या दिवशी, ते घरात कुणालाच सांगता येत नाही. असे बदल सांगून येत नाहीत, म्हणून लिहायचं.

रात्री तीन मिनिटं. झोपताना आज काय झालं ते दोघं मिळून सांगतो. पुण्यात असलो की हेच व्हिडिओ कॉलवर. पूर्वी कॉलवर मी ‘पप्पाला पापी दे, बाय कर’ असली ऑर्डर सोडायचो. आता ती फोन घेऊन जे दाखवेल ते बघतो. कधी कधी पाच मिनिटं फक्त छताचा पंखा दिसतो.

बायकोनं मला थांबवलं ती गोष्ट

हे सगळं मी जोशात घरी सांगितलं. बायकोनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुम्ही शुक्रवारी येता, तुम्हाला क्षण दिसतात. मला चोवीस तास दिसतात. ताप, जागरण, सांडलवंड, सगळं. मला ‘क्षण जपा’ म्हणून शिकवू नका.”

खरं आहे. दिवसभर मूल सांभाळणाऱ्या बाईला ‘प्रत्येक क्षणाचा आनंद घे’ सांगणं म्हणजे तिच्या डोक्यावर अजून एक काम टाकणं. प्रत्येक क्षण आनंदाचा नसतोच. आणि ट्रॉनिकचं ऐकलंच आपण, प्रत्येक सर्व्हिस परत मारायची नसते.

तिनंच मग दाखवलं. ती चपात्या करताना लेकीला कणकेचा गोळा देते. पोरगी तो लाटून, चिवडून ‘मम्मी, बघ’ म्हणते, ही तव्यावरची चपाती उलटता उलटता ‘अय्या, नकाशा झाला’ म्हणते. दोन सेकंद. काम थांबत नाही आणि सर्व्हिसही सुटत नाही. हे ती रोज करते, कुठलाही अभ्यास न वाचता. त्यामुळे आता मी घरी असतो त्या दिवशी संध्याकाळी सहा ते आठ पोरगी आणि स्वयंपाक माझ्याकडं. क्षण जपायचे असतील तर कामही वाटून घ्यावं लागतं, हे या विषयावर बोलणारे सांगत नाहीत. मी सांगतो.

आणि ते बोर?

परवा रात्रीच्या तीन मिनिटांत मी तिला विचारलं, “बोरन्हाणाला डोक्यावरून काय काय पडलं गं?”

“चॉकलेट.”

“अजून?”

“बोर.” स्पष्ट ‘र’ म्हणाली.

“मग तू ते बोर कुणाला दिलंस?”

“आत्तूला.” थोडं थांबून, “तू घेतलं नाहीस.”

हे तिला खरंच आठवत होतं की आईनं कधी गोष्टीत सांगितलं होतं, मला सांगता येणार नाही. दोन्हींत फरक तरी काय करायचा. मी म्हणालो, “चुकलं माझं. तू सात वेळा हाक मारलीस, मी मोबाईल बघत बसलो होतो.” ती म्हणाली, “हं.” आणि झोपली.

आता आषाढात बेंदूर आला. आमच्या सांगली-कोल्हापूरकडं बेंदराला कुंभाराकडून मातीचे बैल आणतात, ते तुम्हाला माहीत असेल. तिनं दोन बैल निवडले, त्यातला एक घरी येईपर्यंत मोडला. त्याचं शिंग हातात घेऊन ती माझ्याकडं आली, “पप्पा, घे.” मी घेतलं. फोटो नाही काढला. शिंग माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत आहे, पुण्याला घेऊन चाललोय.

आजच्यासाठी एवढंच. आज रात्री एक करा. घरात लहान पोर असेल, तुमचं, भावाचं, शेजारचं, त्याच्या हातातून काहीतरी घ्या. दगड असेल, चावलेलं बिस्कीट असेल, घ्या. आणि घरात कुणी मोठं असेल तर विचारा, ‘मी लहानपणी काय करायचो?’ तुमचा बॅकअप त्यांच्याकडं आहे, आणि तो कायम राहणार नाही.

ती गोष्ट व्हॉइस नोटनं मला पाठवलीत तर मस्तच. चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि पावसात फोन जपून!